अळीच्या पेशीतली छाटणी

२०१८ साली कर्नाटकातून महाराष्ट्रात उतरलेली अमेरिकन लष्करी अळी मका पिकवणाऱ्याला वेगळी ओळखून द्यावी लागत नाही. डोक्यावर उलट्या 'वाय'सारखी फिकट खूण, शेपटाकडच्या शेवटून दुसऱ्या भागावर चौकोनात बसलेले चार काळे ठिपके, पोंग्यात भुशासारखी ओली विष्ठा आणि पान उलगडलं की ओळीनं पडलेली भोकं. शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुगिपर्डा.

डिसेंबर २०२१ मध्ये भारतात मंजुरी मिळालेली, पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी कोव्होव्हॅक्स ही लसही याच किड्याच्या पेशींमध्ये जन्म घेते. मूळ लस नोव्हावॅक्सची. तिच्या एका मात्रेत करोनाच्या काटा-प्रथिनाचे ५ मायक्रोग्रॅम असतात, आणि ते प्रथिन 'एसएफ-९' नावाच्या पेशी तयार करतात. एसएफ म्हणजे स्पोडोप्टेरा फ्रुगिपर्डा. १९७०च्या दशकात अमेरिकेत या अळीच्या कोषातल्या अंडाशयाच्या ऊतीपासून पेशींचा एक वंश वाढवला गेला, आणि एसएफ-९ हा त्याच वंशातून वेगळा काढलेला एक वाण. शेतातली अळी आणि बाटलीतली पेशी यांच्यात आता पिढ्यान् पिढ्यांचं अंतर आहे. पण एक गोष्ट दोघींनी सोडलेली नाही : प्रथिनांवर साखर चढवण्याची कीटकांची खास रीत.

या रीतीबद्दल पाठ्यपुस्तकांत बहुतेकदा एकच वाक्य सापडतं : कीटकांच्या पेशी प्रथिनांवर 'साध्या' साखरा चढवतात, मानवी पेशींसारख्या 'पूर्ण' नाहीत. वाक्य चुकीचं नाही, पण त्यातला 'पूर्ण' हा शब्द दिशाभूल करतो. जी साखर कीटकात आखूड दिसते, ती वाढायची राहिलेली नसते. ती छाटलेली असते. नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग उघडीबोडकी दिसते, म्हणून ती कुपोषित आहे असं कुणी म्हणत नाही.

तर ही छाटणी कशी होते?

पेशीतलं जे प्रथिन बाहेर जायचं किंवा पेशीच्या पृष्ठभागावर बसायचं असतं, ते आंतर्द्रव्यजालिकेत (पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात) तयार होत असतानाच त्याच्यावर साखरेची एक तयार फांदी बसवली जाते. बसायची जागा ठरलेली असते : ॲस्पॅराजीन हे ॲमिनो आम्ल, त्याच्यापुढे प्रोलीन सोडून कोणतंही एक, आणि त्यानंतर सेरीन किंवा थ्रिओनीन. या तिघांच्या ओळीला सिक्वॉन म्हणतात. फांदी डॉलिकॉल नावाच्या लांब मेदरेणूवर आधीच बांधून ठेवलेली असते. तिच्यात १४ साखरा असतात : बुडाशी २ एन-ॲसिटिलग्लुकोसामीन (प्रयोगशाळेच्या बोलीत 'ग्लकनॅक'), त्यांच्यावर ९ मॅनोज आणि एका टोकाला ३ ग्लुकोज. यीस्ट असो, माशी असो की माणूस, इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच. ही सुरुवात इतकी जुनी आहे की उत्क्रांतीनं तिला फारसा हात लावलेला नाही.

मग कापाकापी सुरू होते. तिन्ही ग्लुकोज निघतात. ग्लुकोजचं निघणं हीच प्रथिनाची घडी नीट पडली आहे की नाही याची तपासणी असते, त्यामुळे हा टप्पा कुणालाच टाळता येत नाही. नंतर मॅनोज ९ वरून ५ वर येतात. इथे गॉल्जी यंत्रणेत एक विकर पुढे येऊन एका फांदीच्या टोकाला एक नवा ग्लकनॅक जोडतं. त्या विकराचं नाव एमगॅट-१. हा एकुलता ग्लकनॅक म्हणजे पुढच्या कामगारांना दिलेली परवानगी आहे. तो बसल्याशिवाय मॅनोज कापणारं पुढचं विकर उरलेले दोन मॅनोज काढत नाही, आणि बुडाच्या ग्लकनॅकला फ्युकोज ही आणखी एक साखर जोडणारी विकरंही कामाला लागत नाहीत.

माणसाच्या पेशीत या ग्लकनॅकवर पुढे गॅलॅक्टोज चढतो, त्यावर सायलिक आम्ल ही ऋणभारित साखर, आणि शेजारच्या फांदीवरही तसाच विस्तार होतो. कीटकात इथे वाट फुटते. 'फ्यूज्ड लोब्ज' नावाचं एक विकर येतं आणि नुकताच जोडलेला तोच ग्लकनॅक काढून टाकतं. उरतात ३ मॅनोज आणि २ ग्लकनॅक, सोबत असलाच तर बुडाशी एखादा फ्युकोज. १४ पैकी ५. या ठेंगण्या रचनेला पॉसिमॅनोज म्हणतात.

जोडायचा आणि काढायचा, मग जोडलाच कशाला? मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न हाच वाटतो, आणि त्याचं उत्तर मुळात फळमाशीकडूनच मिळालं. एमगॅट-१ चं जनुक पूर्ण बंद केलेल्या उंदराचं पिल्लू गर्भातच, साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास मरतं. फळमाशी मरत नाही. ती अंड्यातून बाहेर येते, मोठी होते, पण तिची हालचाल मंद असते आणि आयुष्य फार थोडं. म्हणजे अंतिम रचनेत जो ग्लकनॅक बहुतेकदा दिसतच नाही, तो जोडला न गेल्यानं माशी अर्ध्यात जाते. पुढे २०१० मध्ये असं दाखवलं गेलं की हे जनुक अशा माशीच्या फक्त मज्जापेशींमध्ये परत दिलं तरी तिचं आयुष्य पूर्ववत होतं, किंबहुना वाढतं. स्नायूंत नाही, आतड्यात नाही, फक्त मज्जापेशींत. परवानगी मिळाल्यावर जी कामं होतात, म्हणजे मॅनोजची कापणी आणि फ्युकोजची जोडणी, त्यांची गरज मेंदूला सर्वांत जास्त असते, असा याचा अर्थ लावता येतो.

फ्यूज्ड लोब्ज या नावातही मेंदूच आहे. कीटकांच्या मेंदूत गंध आणि स्मृती हाताळणारा छत्रीच्या आकाराचा एक भाग असतो, त्याचे दोन बाजूंचे खंड एरवी मध्यरेषेपाशी थांबतात. या जनुकात बिघाड असलेल्या माश्यांमध्ये ते मध्यरेषा ओलांडून एकमेकांना चिकटतात. नाव त्यावरून पडलं. ते जनुक नेमकं काय करतं हे २००६ मध्ये कळलं : ते ग्लकनॅक छाटणारं विकर आहे. छाटणी थांबली तर मेंदूची वायरिंग चुकते, ही गोष्ट 'अपूर्ण साखर' या कल्पनेत कुठेच बसत नाही.

आता फ्युकोज. ही साखर कीटकांच्या रचनेत बुडाच्या ग्लकनॅकला दोन जागी लागू शकते. एक जागा माणसातही असते, तिला अल्फा-१,६ म्हणतात. दुसरी, अल्फा-१,३, कीटक आणि वनस्पतींत असते, आपल्यात नाही. अनेक कीटकांत एकाच ग्लकनॅकवर दोन्ही जागी फ्युकोज बसलेला सापडतो. १९८२ मध्ये असं लक्षात आलं की हॉर्सरॅडिश या वनस्पतीच्या पेरॉक्सिडेज विकराविरुद्ध बनवलेली प्रतिद्रव्यं फळमाशीच्या आणि नाकतोड्याच्या गर्भातल्या मज्जासंस्थेला, आणि जवळजवळ तिलाच, चिकटतात. वनस्पतीच्या विकराचं आणि माशीच्या मज्जातंतूंचं नातं काय? अल्फा-१,३ फ्युकोज. दोघांच्या प्रथिनांवर तो एकसारखा बसलेला असतो. आजही फळमाशीचे मज्जातंतू रंगवायचे असतील तर जगभरच्या प्रयोगशाळा हेच प्रतिद्रव्य वापरतात. कीटकाच्या बाकी शरीरात ही साखर विरळ असते, मज्जासंस्थेत दाट.

हाच फ्युकोज मधमाशीच्या डंखातही आहे. मधमाशीच्या विषातलं फॉस्फोलिपेज ए-२ हे १३४ ॲमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. त्यात साखर बसायला एकच जागा, तेरावं ॲस्पॅराजीन. त्या एकाच जागी बसणाऱ्या साखरांचं रूप मात्र एकसारखं नसतं. एकाच विषाच्या थेंबात कुणी फ्युकोजशिवाय, कुणी एक फ्युकोज घेऊन, कुणी दोन. साखरेला जनुकासारखा साचा नसतो. ती विकरांच्या रांगेत कोण आधी पोचलं यावर ठरते, म्हणून एकाच प्रथिनाच्या शेजारी शेजारी असलेल्या प्रतीसुद्धा वेगळ्या निघतात. याला सूक्ष्मविविधता म्हणतात, आणि ती काही पेशीची चूक नव्हे.

ॲलर्जीच्या दवाखान्यात या गोष्टीचा थेट त्रास होतो. माणसाच्या शरीराला अल्फा-१,३ फ्युकोज परका, त्यामुळे काही लोकांच्या रक्तात त्याविरुद्ध आयजीई, म्हणजे ॲलर्जीशी निगडित, प्रतिद्रव्यं तयार झालेली असतात, बहुतेकदा परागकणांमुळे किंवा डंखांमुळे. अशा माणसाची रक्तचाचणी मधमाशीचं नैसर्गिक विष वापरून केली, तर ती सकारात्मक येते. गांधीलमाशीच्या विषाचीही येते. गवताच्या परागाचीही येते. अनेकदा यातलं काहीच त्याला प्रत्यक्षात बाधत नसतं, कारण साखरेविरुद्धची ही प्रतिद्रव्यं सहसा लक्षणं निर्माण करत नाहीत. उपाय दोन आहेत. एक म्हणजे जिवाणूत बनवलेलं, साखर नसलेलं विषप्रथिन वापरून चाचणी करायची. दुसरा म्हणजे अननसातल्या ब्रोमेलेनवरची, तसाच फ्युकोज असलेली साखर रक्तजलात आधी घालून ही प्रतिद्रव्यं गुंतवून टाकायची आणि मग मोजायचं. सगळ्याच डंखांना हे लागू नाही. पोलिस्टेस जातीच्या, छपराखाली कागदी पोळं करणाऱ्या गांधीलमाशीच्या विषात ही साखर नसते. म्हणून मधमाशी आणि पोलिस्टेस दोन्हींच्या चाचण्या सकारात्मक आल्या तर दोष साखरेवर ढकलता येत नाही. अशा वेळी प्रथिनांकडेच बघावं लागतं.

इथे कीटकपेशींत औषध किंवा लस बनवणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट लपलेली आहे. एसएफ-९ पेशी अल्फा-१,३ फ्युकोज फारसा चढवत नाहीत. कोबीवरच्या उंटअळीपासून काढलेल्या 'हाय फाइव्ह' पेशी मात्र भरपूर चढवतात. हाय फाइव्हमधून अनेक प्रथिनांचं उत्पादन जास्त मिळतं, म्हणून मोह होतो. प्रथिनावर साखर बसणारच नसेल किंवा तिचा उपयोगाशी संबंध नसेल तर काही बिघडत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची सर्वारिक्स ही लस याच वंशातल्या पेशींत बनली आहे. पण ज्या प्रथिनावर सिक्वॉन अनेक आहेत आणि जे माणसात टोचायचं आहे, त्यासाठी वंश निवडताना उत्पादनाच्या आकड्याआधी फ्युकोजचा विचार करावा.

एसएफ-९ मध्येही वेळ फार मोलाची असते. पेशी २७ ते २८ अंश सेल्सिअसला, कार्बन डायऑक्साइडशिवाय, साधारण ६.२ सामूच्या माध्यमात वाढतात. मिलिलिटरमागे २० लाखांच्या आसपास पेशी झाल्या की त्यांना बॅक्युलोव्हायरस या कीटकांच्या विषाणूची लागण देतात. या विषाणूत आपलं जनुक सहसा पॉलिहेड्रिन या प्रवर्तकामागे (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यामागे) बसवलेलं असतं. हा प्रवर्तक लागणीनंतर साधारण दिवसभरानं जोर धरतो, म्हणजे नेमका पेशीची स्रावयंत्रणा ढासळू लागते तेव्हा. मग प्रथिन ढिगानं बनतं, पण त्यातल्या काहींवर साखर बसायची राहून जाते, काही आंतर्द्रव्यजालिकेत अडकून गोळा होतं. सुटका हवी असेल तर लवकर चालू होणारा प्रवर्तक वापरावा, ७२ तासांऐवजी ४८ तासांनी काढणी करून दोन्ही नमुन्यांची तुलना करावी, आणि विषाणूतलं कायटिनेज (कायटिन तोडणारं विकर) व कॅथेप्सिनचं (प्रथिनं तोडणारं विकर) जनुक काढलेला वाण घ्यावा. कायटिनेज आंतर्द्रव्यजालिकेत साठून राहतं आणि जागा अडवतं. नवे लोक बहुतेक वेळा माध्यम बदलत बसतात. त्याआधी काढणीची वेळ बदलून बघावी.

माणसासारखी साखर हवीच असेल तर काय? त्यासाठी पेशीत जनुकं घालावी लागतात : दुसरी फांदी सुरू करणारं, गॅलॅक्टोज जोडणारं, सायलिक आम्ल जोडणारं. तरीही अनेकदा टोकाला सायलिक आम्ल येत नाही, कारण जोडणारं विकर दिलं तरी कच्चा माल नसतो. सायलिक आम्ल सीएमपी या छोट्या वाहक रेणूशी बांधून सक्रिय व्हावं लागतं आणि ते गॉल्जीत वाहून न्यावं लागतं. ही दोन्ही कामं करणारी जनुकंही द्यावी लागतात, शिवाय माध्यमात सायलिक आम्लाची पूर्वसामग्री. आणि फ्यूज्ड लोब्ज दाबलं नाही तर मागून छाटणी चालूच राहते. अंगठी घडवताना सोनार एकीकडे जोडतोय आणि दुसरा त्याच वेळी कापतोय, अशी ती अवस्था. हे सगळं कशासाठी, तर रक्तात टिकायचं असलेल्या औषधांसाठी. मॅनोजची टोकं उघडी असलेलं प्रथिन यकृतातले आणि इतरत्रचे मॅनोज ओळखणारे ग्राही पटकन उचलून रक्तातून काढतात. म्हणून एरिथ्रोपोएटिनसारखं (लाल पेशी वाढवणारं) औषध कीटकपेशीत बनवत नाहीत. लसीला मात्र रक्तात दिवसेंदिवस फिरायचं नसतं. तिला प्रतिकारपेशींनी उचलावं हेच हवं असतं. करोनाच्या काट्याच्या प्रत्येक घटकावर २२ सिक्वॉन आहेत, तीन घटक मिळून ६६. त्या जागांवर एसएफ-९ मध्ये मुख्यतः ठेंगण्या मॅनोजी फांद्या येतात, आणि लसीच्या कामाला त्या आड आल्या नाहीत.

सायलिक आम्लाबद्दल एक मोठा गैरसमज होता. ते कीटकांत नसतंच, असं बराच काळ मानलं जाई. ते असतं, फक्त अत्यल्प आणि जवळजवळ पूर्णपणे मज्जासंस्थेत. फळमाशीत ते जोडणारं एकच विकर आहे. ते बंद केलं तर माशी तापमान वाढलं की लुळी पडते, आयुष्यही घटतं, आणि मज्जातंतूंच्या सोडियमवाहिनीचं काम मंदावतं. त्याहून विलक्षण गोष्ट २०२३ मध्ये समोर आली : सायलिक आम्ल सक्रिय करणारं विकर आणि जोडणारं विकर एकाच पेशीत नसतात. पहिलं काम मज्जापेशींना सांभाळणाऱ्या ग्लायापेशी करतात, दुसरं मज्जापेशी. कच्चा माल शेजारणीकडून येतो.

'साधी साखर' या समजुतीला दुसऱ्या बाजूनंही तडा गेला. गेल्या दशकात डासांच्या अळ्या, पतंगांच्या अळ्या आणि हाय फाइव्ह पेशी तपासल्यावर ग्लुक्युरॉनिक आम्ल, सल्फेट, फॉस्फोरिलकोलिन लागलेल्या फांद्या सापडल्या. त्या आधीही तिथेच होत्या. वस्तुमानमापकात, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रात, नमुना फक्त धन आयनांच्या पद्धतीनं पाहिला की ऋणभारित रेणू दबून राहतात, आणि आपण 'फक्त मॅनोज' असं लिहून मोकळे होतो.

ॲस्पॅराजीनवरच्या या फांद्यांखेरीज सेरीन आणि थ्रिओनीनवर बसणाऱ्या साखरांचं वेगळंच जग आहे. त्यात मी इथे फार शिरत नाही, पण दोन उदाहरणं टाळता येत नाहीत. फळमाशीच्या पंखाची कडा कुठे यावी हे नॉच नावाच्या ग्राहीवरच्या साखरेवरून ठरतं. नॉचवर आधी एक फ्युकोज बसतो, त्यावर फ्रिंज नावाचं विकर एक ग्लकनॅक जोडतं. फ्रिंज पंखाच्या फक्त वरच्या बाजूच्या पेशींत असतं. हा एक ग्लकनॅक बसला की नॉच शेजारच्या पेशींवरच्या दोन निरोप्या प्रथिनांपैकी डेल्टाच्या निरोपाला जास्त आणि सेरेटच्या निरोपाला कमी प्रतिसाद देतो. वरच्या आणि खालच्या पेशी जिथे भेटतात त्या रेषेवर हा फरक पेटतो आणि कडा उमटते. २००० साली हे उलगडलं. दुसरं उदाहरण ड्रोसोसिन. फळमाशी जिवाणूंविरुद्ध हे १९ ॲमिनो आम्लांचं पेप्टाइड बनवते. त्यातल्या अकराव्या जागेच्या थ्रिओनीनवर गॅलनॅक (एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामीन) आणि गॅलॅक्टोज अशा दोन साखरा असतात. तेच पेप्टाइड साखरेविना बनवलं तर त्याची मारकशक्ती कित्येक पटींनी घसरते. कृत्रिम पेप्टाइड मागवून 'काम करत नाही' म्हणणाऱ्यानं आधी अकरावी जागा बघावी.

आतड्यात हीच गॅलनॅक-गॅलॅक्टोज जोडी पुन्हा भेटते, आणि तिथे कोकणातला फणस या कथेत येतो. फणसाच्या आठळीत जॅकलिन नावाचं लेक्टिन असतं, म्हणजे विशिष्ट साखर ओळखून धरणारं प्रथिन. ते ही जोडी पकडतं. २००७ मध्ये दिसून आलं की ॲनोफिलीस डासाच्या आतड्यावर जॅकलिन बसलं की मलेरियाच्या परजीवीची आतड्यात शिरण्याची वाट अडते. जॅकलिन ज्याला चिकटत होतं ते डासाच्या आतड्याच्या पृष्ठभागावरचं ॲमिनोपेप्टिडेज हे पचनाचं विकर निघालं, आणि तेव्हापासून डासातच मलेरिया रोखणाऱ्या लसीसाठी हे प्रथिन एक लक्ष्य आहे. अशा लसीनं टोचून घेणाऱ्याचं रक्षण होत नाही. त्याच्या रक्तातली प्रतिद्रव्यं डासाच्या पोटात जाऊन पुढच्या माणसाचं रक्षण करतात.

ॲमिनोपेप्टिडेज बीटी कपाशीच्या गोष्टीतही आहे. २००२ मध्ये भारतात परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीतलं क्राय-१-एसी हे विषप्रथिन अळीच्या आतड्याच्या पेशींना धरतं. तंबाखूवरच्या हॉर्नवर्म अळीत हे विष ॲमिनोपेप्टिडेजवरच्या गॅलनॅकला चिकटतं, आणि सुटा गॅलनॅक भरपूर दिला तर ते चिकटणं कमी होतं. प्रत्येक अळीत आणि प्रत्येक क्राय-प्रथिनात असंच घडतं असं नाही. गुलाबी बोंडअळीनं भारतात जो प्रतिकार मिळवला, त्यात कॅडहेरिन या दुसऱ्याच ग्राहीतले बदल सापडले आहेत. विदर्भातल्या बोंडअळीचा दोष साखरेवर टाकायचा मोह होऊ नये म्हणून हे इथे लिहिलं.

आता कामाच्या टेबलावर. कीटकाच्या साखरा तपासताना चुका ठरावीक जागी होतात.

पहिली चूक नमुन्यातच. अळी पानं खाते, आणि पानातल्या प्रथिनांवर झायलोज असलेल्या साखरा असतात. अख्खी अळी वाटली तर तिच्या पोटातली मका किंवा कोबीही मोजली जाते. कीटकांच्या या फांद्यांत झायलोज अपेक्षित नाही. तो दिसला की आधी आतडं काढून किंवा अळी उपाशी ठेवून नमुना पुन्हा घ्यावा. फळमाशीचं तसंच. तिच्या खाद्यात यीस्ट असतं, आणि ९ पेक्षा जास्त मॅनोज असलेली फांदी दिसली तर ती यीस्टची असण्याचीच शक्यता जास्त. रक्तद्रव घ्यायचा तर तो हवेत काळा पडतो, म्हणून नळीत आधी फिनाइलथायोयुरियाचे दोन-चार कण टाकून ठेवतात. ते विषारी असतं, हातमोजे घालून. आणि नमुना लगेच गोठवावा किंवा उकळावा, कारण कात टाकण्याच्या कामी येणारी ग्लकनॅक कापणारी विकरं कीटकात मुबलक असतात. नमुना टेबलावर राहिला तर छाटणी तिथेही चालू राहते आणि पॉसिमॅनोजचा आकडा फुगतो.

दुसरी चूक विकराच्या निवडीत. प्रथिनावरून फांदी सुटी करायला सर्रास पीएनगेज-एफ वापरतात. रीत अशी : १० ते २० मायक्रोग्रॅम प्रथिन, ०.५ टक्के एसडीएस (प्रथिनाची घडी उलगडणारा साबण) आणि डीटीटी (गंधकाचे बंध तोडणारं रसायन), १०० अंशांवर १० मिनिटं; थंड झाल्यावर १ टक्का एनपी-४० (सौम्य साबण), सामू ७.५, मग विकर घालून ३७ अंशांवर तासभर. एनपी-४० विसरलं तर एसडीएस विकरालाच मारतं आणि 'साखर नाही' असा निष्कर्ष निघतो. पण रीत अगदी बरोबर पाळली तरी अल्फा-१,३ फ्युकोज असलेली फांदी पीएनगेज-एफ सोडवत नाही. तिथे ते निरुपयोगी आहे. त्यासाठी बदामातलं पीएनगेज-ए लागतं, सामू ५ च्या आसपास. आणि तेही अख्ख्या प्रथिनावर नीट चालत नाही, म्हणून आधी ट्रिप्सिन किंवा पेप्सिननं प्रथिनाचे तुकडे करायचे. मधमाशीचं विष, हाय फाइव्हमधलं प्रथिन, मज्जाऊती, यांपैकी काही हातात असेल आणि फक्त पीएनगेज-एफ वापरलं असेल, तर यादीतली सर्वांत महत्त्वाची साखर नेमकी गळालेली असते. दुसरीकडे एंडो-एच हे विकर पॉसिमॅनोजला हात लावत नाही. ते लांब मॅनोजी फांद्याच कापतं. एंडो-एचनं जेलवरची प्रथिनाची पट्टी हलली नाही म्हणून कुणी 'मानवी पद्धतीची जटिल साखर आली' असं लिहिलं, तर तो निष्कर्ष कीटकात उलटा पडतो.

तिसरी गोष्ट वजनाची. वस्तुमानमापकात सोडियम धरलेली पॉसिमॅनोज फांदी ९३३ वर दिसते, एका फ्युकोजसह १०७९ वर, दोघांसह १२२५ वर. प्रत्येक फ्युकोज १४६ वाढवतो. पण तो १,३ चा की १,६ चा, हे वजन सांगत नाही. दोघांचं वजन एकच. बर्फात थंड ठेवलेल्या ४८ टक्के हायड्रोफ्लोरिक आम्लात १,३ चा फ्युकोज गळतो, १,६ चा टिकतो. त्यावरून फरक कळतो, पण हे आम्ल काच खातं आणि कातडीतून हाडापर्यंत जातं. प्लास्टिकच्या नळ्या, धूरकपाट आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचा मलम हाताशी ठेवल्याशिवाय त्याची बाटली उघडू नये. हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेजविरुद्धचं प्रतिद्रव्य लावून पट्टी बघणं हा सौम्य पर्याय आहे, आणि पहिल्या फेरीसाठी पुरेसा.

लेक्टिनं वापरताना स्वयंपाकघरच टेबलावर येतं : शेंगदाण्यातलं गॅलनॅक-गॅलॅक्टोजची जोडी धरतं, गव्हाच्या अंकुरातलं ग्लकनॅक, फणसातलं वर सांगितलंच. गव्हाचं लेक्टिन कीटकावर जपून वापरावं. कीटकाचं कवच कायटिनचं, आणि कायटिन म्हणजे ग्लकनॅकचीच माळ. त्वचेचा तुकडा नमुन्यात राहिला की सगळंच रंगतं. कॉनए हे मॅनोज धरणारं लेक्टिन कीटकाच्या जवळजवळ प्रत्येक साखरयुक्त प्रथिनाला चिकटतं, म्हणून 'कॉनए सकारात्मक' या शब्दांना कीटकात फार अर्थ नाही. कोणतंही लेक्टिन असो, शेजारी एक पट्टी त्याच्या स्वतःच्या साखरेत बुडवून ठेवलेली असावीच, कॉनएसाठी ०.२ मोलर मिथाइल मॅनोसाइड. तिथे रंग गेला नाही तर ते चिकटणं साखरेचं नव्हतं.

आणि शेवटी जेलवरची पट्टी. मानवी पेशीतली दोन फांद्यांची, टोकाला सायलिक आम्ल असलेली साखर २.२ किलोडाल्टनच्या आसपास भरते. कीटकपेशीतली पॉसिमॅनोज जेमतेम एक. प्रथिनावर एकच सिक्वॉन असेल तर साखर काढण्याआधीची आणि नंतरची पट्टी यांत इतका कमी फरक पडतो की साध्या १० टक्के जेलवर तो डोळ्याला दिसतच नाही. मग जेल जास्त लांब चालवावी, दोन्ही नमुने अगदी शेजारच्या खाचांत घालावेत आणि तिसऱ्या खाचेत दोन्हींचं मिश्रण. मिश्रणात दोन रेषा उमटल्या तर फांदी होती.